तुमच्याकडे दुष्काळ पडला का?

आमच्या जहाजाच्या मागच्या बाजूला, नावाखाली, 'मोनरोव्हिया' असं रंगवलेलं होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची ही राजधानी, आणि जहाजाची नोंदणी जिथली, त्या बंदराचं नाव तिथे लिहितात. जगातल्या हजारो जहाजांवर ते असतं. लायबेरियाची जहाजनोंदणी जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदण्यांपैकी एक आहे, कारभार मात्र चालतो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. अकरा वर्षं दर्यावर काढली, त्यातली निम्मी याच झेंड्याखाली, पण खुद्द मोनरोव्हिया मी पहिल्यांदा पाहिलं सप्टेंबर 2023 मध्ये. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालकोठारात, आंध्रातल्या काकीनाड्याला भरलेला उकडा तांदूळ होता.

बार्जमधून, म्हणजे सपाट मालहोडीतून, पोती चढवली तेव्हा जुलै संपत आला होता. 20 जुलैला सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात त्याच दिवसापासून बंद केली होती. उकडा त्यातून सुटला, म्हणून आम्ही निघू शकलो. केप ऑफ गुड होपच्या आसपास असताना कळलं, की 25 ऑगस्टला त्यावरही 20 टक्के निर्यातशुल्क बसलं.

मोनरोव्हियाचा पाऊस मी विसरणार नाही. कोकणात वाढलेल्या माणसालाही तो जास्त वाटला. आभाळ काळवंडलं की सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, ओरडायचा, हॅच बंद, म्हणजे होल्डची झाकणं लावा. ऊन पडलं की पुन्हा उघडा. पाच दिवसांचं काम तेरा दिवस चाललं, आणि त्यामुळेच बंदरातली माणसं ओळखीची झाली.

पोती फाटतात. सांडलेला तांदूळ झाडून पुन्हा भरायचा असतो, कारण वजन कमी भरलं तर मालकावर भरपाईचा क्लेम येतो. म्हणून गँगवेवरून उतरणाऱ्या मजुरांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी पन्नाशीचा एक माणूस पाय अगदी सपाट टाकत उतरत होता. पँट घोट्याशी दोनदा दुमडलेली. त्या घडीत तांदूळ होता, ओंजळभर असेल. पायरीवर चार दाणे पडले. तो थांबला, वाकला, ते एकेक करून उचलले, खिशात टाकले आणि मग वर माझ्याकडे बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली. नियमाने ते चूक होतं, पण आजही मी तेच करीन.

तिथे भात झाला नसेल तर 'जेवलो' म्हणत नाहीत. देशात पिकणाऱ्या तांदळाला ते 'कंट्री राइस' म्हणतात, पण तो पुरत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यातला मोठा वाटा भारताचा. 14 एप्रिल 1979 ला तांदळाचा भाव वाढवण्याच्या प्रस्तावावरून याच शहरात मोर्चा निघाला, गोळीबारात चाळीसच्या वर माणसं मेली, आणि वर्षभरात सरकार उलथलं. पुढे 1989 ते 2003 यादवी युद्धं, मग 2014 मध्ये इबोला. आम्ही गेलो तेव्हा निवडणूक महिन्यावर आली होती आणि धक्क्यावर बोलणं एकाच गोष्टीचं, 25 किलोच्या पोत्याचा भाव.

याच सुमारास शाळेच्या ग्रुपवर निर्यातबंदीवरून वाद पेटला होता. डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा तो आणखी भडकला. एक बाजू म्हणते, आधी घरचं बघायचं. दुसरी म्हणते, शेतकऱ्याला भाव मिळायची वेळ आली की दार लावता. दोघंही माझे जिवाभावाचे मित्र आहेत. ऐंशी कोटी लोकांना मोफत धान्य देणं मला योग्यच वाटतं, त्याला हात लावू नये. पण जगाच्या तांदूळ व्यापारातला सुमारे चाळीस टक्के माल एकट्या भारताचा असताना आपला निर्णय आपल्यापुरता राहत नाही. ज्या आदेशाने आपल्या शेतकऱ्याचा भाव पडतो, त्याच आदेशाने मोनरोव्हियातलं पोतं महागतं. ग्रुपवर आपला शेतकरी आणि तांदूळ विकत घेणारा गरीब हे एकमेकांचे विरोधक असल्यासारखे मांडले जातात. खरं तर दोघांचं नुकसान एकाच कागदाने होतं.

निर्यात कधीच रोखू नये असं मी म्हणत नाही. रोखायची तर पेरणीआधी सांगा, शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवा, झालेले करार पुरे होऊ द्या. रात्रीत दार लावलं की पहिला उपाशी राहतो तो ज्याच्याकडे उद्यापुरताही साठा नाही. पांढऱ्या तांदळावरची बंदी उठायला सप्टेंबर 2024 उजाडला. चौदा महिने!

टॅली क्लार्क रोज दुपारी माझ्याशेजारी उभा राहून पोत्यांच्या खेपा वहीत मांडायचा. तिशीतला, शांत. पोत्यांवरचं भारताचं नाव त्याला पाठ झालं होतं. शेवटच्या होल्डचं काम चालू असताना त्याने विचारलं, "ऑफिसर, तुमच्याकडे दुष्काळ पडला का?"

ऑगस्ट खरंच कोरडा गेला होता, 1901 पासूनचा सर्वांत कोरडा. तेवढंच मी त्याला सांगितलं. सरकारी गोदामांत ठरलेल्या बफरपेक्षा, म्हणजे राखीव साठ्यापेक्षा, कितीतरी जास्त तांदूळ पडून होता, हे मला माहीत होतं. ते काही मला सांगवलं नाही.