ठिपके, साचे आणि चार रुपये नव्व्याण्णव पैसे

मागच्या लेखात मी आमच्या पायथन प्रोजेक्टमधल्या सगळ्या डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं हे सांगणारा, कोडमध्येच लिहिलेला मजकूर) एका साच्यात कशा आणल्या ते लिहिलं होतं. त्यावर ‘जुना खेळाडू’ या नावाने एक सणसणीत प्रतिक्रिया आली. थोडक्यात अशी: हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. ‘ठिपके आणि स्वल्पविराम सारखे केल्याने कोड सुधारत नाही.’ नावं नीट ठेवली तर कॉमेंट लागतच नाहीत. शेकडो फायली एका कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) ढवळून मी गिट ब्लेमची, म्हणजे कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या सोयीची, वाट लावली. असल्या गोष्टींची सक्ती नको, असंही ओझरतं होतं. त्यांच्या सी प्लस प्लसच्या प्रोजेक्टमध्ये ते डॉक्सिजन (कॉमेंटवरून माहितीची पानं बनवणारं साधन) वापरतात, तिथे पंधरा वर्षांत असलं काही केलं नाही आणि काही अडलंही नाही. शिवाय, ‘हे आता एआय पाच मिनिटांत करतो, त्यावर लेख कसला लिहिता?’

खालीच दोन ओळींत उत्तर देणार होतो. पण यातल्या एका आरोपात बरंच तथ्य आहे आणि तो दोन ओळींत कबूल करणं म्हणजे पळ काढणं झालं असतं. म्हणून हे लांबण.

जुना खेळाडू, आधी ठिपक्याचंच बोलू. जावामध्ये पहिल्या वाक्यानंतरचं टिंब शोभेसाठी नसतं. जावाडॉक हे माहितीची पानं बनवणारं साधन कॉमेंटमधलं पहिलं वाक्य उचलतं आणि क्लासच्या पानावर वरती जो सारांशाचा तक्ता असतो त्यात नेऊन ठेवतं. वाक्य कुठे संपलं हे ते कसं ठरवतं? टिंब आणि त्यापुढे मोकळी जागा, एवढंच. एका जुन्या नोकरीत एकाने इंग्रजीत ‘रक्कम रुपयांत, जीएसटी वगळून’ अशा अर्थाची ओळ लिहिली आणि रुपयांसाठी ‘आर एस’ लिहून पुढे टिंब दिलं. तक्त्यात आलं ‘रक्कम रुपयांत’. जीएसटी खालच्या तपशिलात राहिला आणि तक्ता वाचून काम करणाऱ्यांना तो कधी दिसलाच नाही. जावाडॉकच्या जुन्या मार्गदर्शिकेत नेमकं याच खड्ड्याबद्दल लिहिलेलं आहे. तिथे उदाहरण प्राध्यापक क्नुथ यांच्या नावाचं आहे, कारण ‘प्रा.’नंतर टिंब येतं आणि वाक्य तिथेच तुटतं. जावा ८ आलं तेव्हा, २०१४ साली, जावाडॉक कॉमेंटमधल्या चुकांवर एकदम कडक झालं आणि वर्षानुवर्षं हिरवे असलेले कित्येक बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याची क्रिया) लाल झाले, म्हणजे फसले. तेव्हाही लोक ‘कॉमेंटसाठी बिल्ड फोडता?’ म्हणून चिडले होते. मीही चिडलो होतो.

आता आमच्याकडे हे सगळं सुरू का झालं ते सांगतो. मागच्या लेखात हे लिहायला हवं होतं, पण लाज वाटली.

ग्राहकाला पैसे परत करणारं एक फंक्शन होतं. त्याची डॉकस्ट्रिंग म्हणजे सात ओळींचा सलग परिच्छेद, आणि ‘रक्कम पैशांत द्यावी’ हे सहाव्या ओळीच्या शेवटी. त्याच फायलीत शेजारच्या फंक्शनला गूगल पद्धतीचा ‘आर्ग्ज’ (आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला द्यायच्या किमती, यांचा) विभाग होता, त्याच्या खालच्याला स्फिंक्स या दुसऱ्या साधनाची कोलन-पॅरम पद्धत. ज्याने जिथून उचललं तिथली शैली, असा सगळा मामला. नव्या सहकाऱ्याने एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर माउस नेला, वरच्या तीन-चार ओळी वाचल्या आणि रुपये समजून ४९९ पाठवले. अकरा ग्राहकांना ४ रुपये ९९ पैसे परत गेले. त्यातल्या एकाने मेल केला, ‘उरलेले हप्त्याने देणार का?’

तुम्ही म्हणाल, माहिती लिहिलेली होती, पोराने वाचली नाही. लिहिलेली होती, खरंच. पण सातबारा घ्या. जमीन घेणारा माणूस सातबारा पहिल्या अक्षरापासून वाचत बसत नाही. नजर थेट ‘इतर हक्क’ या रकान्यावर जाते, बोजा आहे का बघायला. रकाना रिकामा असेल तर ते रिकामपणसुद्धा काहीतरी सांगतं. प्रत्येक तलाठ्याने बोजा आपल्याला सुचेल तिथे, कुठे पिकाच्या नोंदीत, कुठे समासात लिहिला असता, तर माहिती ‘लिहिलेली’ असूनही कोणाच्या उपयोगाची नसती. डॉकस्ट्रिंगचा साचा मला तेवढ्यासाठी हवा आहे. एकक कुठे लिहायचं हे ठरलेलं असलं की ते लिहिलेलं नाही हेही दिसतं.

आणि माणसाला दिसतं तसं यंत्रालाही दिसतं. रफ नावाच्या लिंटरमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनात, डी ४१७ असा एक नियम आहे. फंक्शनला पाच आर्ग्युमेंट असतील आणि ‘आर्ग्ज’खाली चारच वर्णन केलेली असतील, तर तो पाचव्याचं नाव घेऊन ओरडतो. पण कधी? ‘आर्ग्ज’ हा विभाग त्याला विभाग म्हणून ओळखता आला तर. सलग परिच्छेदात त्याला काहीच सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून तो गप्प बसतो. साचा लावला त्या दिवशी आमच्याकडे अशी ६३ आर्ग्युमेंट निघाली. त्यातली बरीचशी मागाहून वाढवलेली होती. कोडमध्ये घातली, कॉमेंटमध्ये घालायची राहिली.

‘नावं नीट ठेवा’ हे मान्य. त्या आर्ग्युमेंटचं नाव ‘अमाउंट’ न ठेवता ‘अमाउंट पैसे’ ठेवलं असतं तर हा प्रकार टळला असता. आता ठेवलं आहे. पण दोन वेगळ्या टीम ते जुन्या नावाने बोलावत होत्या, त्यामुळे नाव बदलायला एक तिमाही गेली, आणि डॉकस्ट्रिंग दुपारच्या चहाआधी दुरुस्त झाली. शिवाय तेच फंक्शन चुकून दोनदा बोलावलं तर पैसे दोनदा जातात का? बँकेकडून उत्तर आलं नाही तर कोणतं एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) येतं? हे नावात घालायला गेलात तर नाव सीएसएमटीच्या पूर्ण पाटीएवढं होईल, आणि मग लोक सीएसएमटीसारखंच त्याचं लघुरूप करून मोकळे होतील.

कोणता साचा बरोबर, यावर मात्र माझ्याशी भांडू नका, कारण माझं काही मतच नाही. पायथनच्या पेप २५७ या अधिकृत टिपणात, जे २००१ सालचं आहे, पहिली ओळ आज्ञार्थी हवी असं म्हटलंय: ‘यादी दे’. जावाच्या मार्गदर्शिकेत बरोब्बर उलट, ‘यादी देते’ असं वर्णन हवं. गो या भाषेत कॉमेंटची सुरुवात फंक्शनच्या नावानेच करायची. तिन्ही भाषांत चांगले प्रोजेक्ट आहेत. गोवाल्यांनी तर ऑगस्ट २०२२ मध्ये, १.१९ आवृत्तीपासून, मांडणीचा वादच मिटवला: गोफमट हा कोडची मांडणी सारखी करणारा प्रोग्रॅम आता डॉक कॉमेंटसुद्धा स्वतःच ठाकठीक करतो, कोणी कोणाला रिव्ह्यूमध्ये टोकायचं कारणच उरलं नाही. आम्ही गूगल शैली घेतली ती फक्त आमच्याकडे आधीच निम्म्याहून जास्त ठिकाणी होती म्हणून. रफमध्ये गूगल शैली निवडली की आज्ञार्थाचा नियम आपोआप बंद असतो. तो मी चालू करायला गेलो नाही. ‘दे’ की ‘देते’ यावरून कोणाचे पैसे कमी परत गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता गिट ब्लेम. इथे तुम्ही मला पकडलंत.

नुसत्या डॉकस्ट्रिंग बदलल्या तर ब्लेम फक्त डॉकस्ट्रिंगच्या ओळींचा बदलतो, कोडच्या ओळी जुन्या माणसाच्याच नावावर राहतात. आणि गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला एक यादी देता येते की हे कमिट धरू नकोस. तेव्हा काळजीचं कारण नाही, असं मी मागच्या लेखात ऐटीत लिहिलं. प्रत्यक्षात मी काय केलं होतं? जाता जाता तीस-चाळीस ठिकाणी आर्ग्युमेंटची नावंही बदलली होती. वेगळ्या कमिटमध्ये, हो. पण आमच्याकडे पीआर (तपासणीसाठी पाठवलेला बदलांचा गठ्ठा) स्क्वॉश करून, म्हणजे त्यातले सगळे कमिट एकत्र करून, मर्ज होतो (मुख्य कोडमध्ये मिसळला जातो). झालं, सगळ्याचा एकच लाडू. यादीत टाकावा तर नावांचे खरे बदलही ब्लेममधून गायब, न टाकावा तर हजारो ओळींवर माझं नाव. त्यात पहिल्यांदा मी यादीत लिहिलेला हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) माझ्या ब्रँचवरचा, म्हणजे माझ्या वेगळ्या शाखेतला, होता, जो स्क्वॉशनंतर मेनवर, म्हणजे मुख्य शाखेत, नव्हताच. रूप बदलायचं आणि अर्थ बदलायचा हे दोन पीआर हवेत, नुसते दोन कमिट पुरत नाहीत. हे मला ठाऊक होतं. आळस केला.

आणखी एक चूक, जी तुम्ही धरली नाहीत पण सांगून टाकतो. डॉकस्ट्रिंग बदलून प्रोग्रॅम बदलत नाही, अशी माझी खात्री होती. तपासायला दोन्ही आवृत्त्यांचं सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचा आराखडा) काढलं, त्यातून डॉकस्ट्रिंग वगळल्या आणि ताडून पाहिलं. तंतोतंत सारखं. मर्ज केलं. दुसऱ्या दिवशी ग्राहकांसाठीच्या एपीआयच्या (त्यांच्या प्रोग्रॅमनी आमच्याशी बोलायच्या सोयीच्या) पानावर प्रत्येक वर्णनाखाली ‘आर्ग्ज’ आणि त्याखाली आतल्या डेटाबेस सेशनचं कौतुक. फास्टएपीआय, ज्यावर आमची एपीआय उभी आहे ती लायब्ररी, फंक्शनची डॉकस्ट्रिंग उचलून पानावर छापतं, हे मला माहीत होतं आणि तरीही सुचलं नाही. पायथनमध्ये ती कॉमेंट नसतेच मुळी, ती चालू प्रोग्रॅमला वाचता येते. मी तपासणीतून वगळला तोच भाग बाहेर दिसत होता.

सक्तीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण त्यावर मी तुमच्या बाजूचा आहे. सुरुवातीला प्रत्येक फंक्शनला डॉकस्ट्रिंग हवीच, असा नियम मी चालू केला होता. पंधरा दिवसांत ‘यूझर आयडी: यूझरचा आयडी’ या वळणाचं साहित्य विपुल प्रमाणात निर्माण झालं. असली ओळ नसलेल्या ओळीपेक्षा वाईट, कारण रकाना भरलेला दिसतो आणि लिंटर समाधानाने झोपी जातो. तो नियम काढला. आता एवढंच आहे: नाही लिहिलंस तरी चालेल, पण लिहिलंस तर याच साच्यात, आणि आर्ग्युमेंट सांगायला घेतलीस तर सगळी सांग.

एआयचं म्हणाल तर साच्यात बसवायचं काम त्याच्याकडूनच करून घेतलं, पण पाच मिनिटांत नाही, दोन संध्याकाळी गेल्या. मात्र त्या सात ओळींच्या परिच्छेदातून त्याने नीटनेटका ‘आर्ग्ज’ विभाग बनवला आणि ‘अमाउंट’समोर लिहिलं: परत करायची रक्कम. सहावी ओळ सारांशात विरघळून गेली होती. अकरा ग्राहक लक्षात होते म्हणून माझी नजर तिथे गेली.

राहता राहिला तुमचा सी प्लस प्लसचा प्रोजेक्ट. तुम्ही डॉक्सिजन वापरता असं लिहिलंय. डॉक्सिजन मोठ्या मनाचा आहे. दोन तारकांची कॉमेंट चालते, उद्गारचिन्हाची चालते, तीन तिरप्या रेघांची चालते, पॅरम या आर्ग्युमेंट सांगणाऱ्या खुणेच्या आधी ॲट असो की उलटी तिरपी रेघ. त्यामुळे चार हातांनी चार तऱ्हांनी लिहिलं तरी बाहेर येणारं पान एकसारखंच दिसतं, आणि तुमचं काही अडलं नाही यात मला नवल वाटत नाही. तुमच्या जागी मीही कॉमेंटचं बाह्यरूप सारखं करायला वेळ घालवला नसता. पण कोडमध्ये आर्ग्युमेंटचं नाव बदललं आणि कॉमेंटमध्ये जुनंच राहिलं तर डॉक्सिजन तशी वॉर्निंग देतो, की पॅरममधलं हे नाव आर्ग्युमेंटच्या यादीत नाही. पंधरा वर्षांच्या प्रोजेक्टचा लॉग असेलच तुमच्याकडे. त्यात ही ओळ किती वेळा येते ते मोजून इथेच खाली लिहा. दहाच्या आत असेल तर पुढच्या लेखाचा विषय तुम्ही ठरवायचा.