भात हाफ की फुल?

मागच्या जानेवारीत आम्ही तिघं भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीहून पुण्याला गेलो होतो. चौथा मित्र चाकणला कंपनीत आहे, त्याच्याच खोलीवर मुक्काम. चौघंही एकाच शाळेतले, बांधाला बांध लागून असलेले. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "चला बे, आज तुमाले सुशी खाऊ घालतो. गल्लीच्या तोंडाशीच हाय, महाग नाई."

आमच्यातला एक माळकरी. तो दारातच थांबला. "कच्चा मासा असते ना बे थो?" तर हा म्हणे, "तुह्यासाठी काकडीची हाय, भाताचीच हाय, चाल."

दुकान केवढं, तर सहा टेबलं आणि काचेमागे दोन पोरं. मी धानवाला माणूस, माझी नजर गेली ती भातावर. पोरानं गरम भात लाकडाच्या पसरट भांड्यात उपसला. व्हिनेगर, साखर आणि मीठ एकत्र केलेलं पाणी त्यानं उलथण्यावरून हळूहळू त्यावर सोडलं. मग उलथण्याची कड आडवी चालवत एकेक थर सुटा केला, ढवळलं अजिबात नाही. दाणा मोडू नये म्हणून. दुसरा पोरगा बाजूनं पुठ्ठ्यानं वारा घालत होता. भात कोमट झाला तसा त्यानं हात ओला केला, बोटांत मावेल एवढा भात घेतला आणि दोन-तीनदाच दाबला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दादा, मला इथं सहा महिने फक्त भातच करायला लावला होता. मासा नंतर."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

आम्ही काकडीचे रोल, अंड्याच्या गोडसर वड्या आणि उकडलेल्या झिंग्याची सुशी खाल्ली. कच्चं काहीच मागवलं नाही. माळकऱ्यानं काकडीच्या दोन प्लेट संपवल्या. दोन तास बसलो, शाळेपासून सगळं बोलून झालं, कोणी उठा म्हटलं नाही. चौघांचं बिल 1,180 रुपये. पुण्याच्या मानानं मला ते रास्त वाटलं.

परत आल्यावर मी या सुशीबद्दल बरंच वाचलं. आपल्याला वाटतं सुशी म्हणजे कच्चा मासा, पण त्या नावाचा संबंध आंबट चवीशी आहे, आणि व्हिनेगर लावलेल्या आंबटसर भाताशिवाय आजची सुशी होत नाही. जुनी पद्धत तर आणखीच वेगळी होती. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा, भात आंबला की मासा टिकतो. जपानात बिवा नावाचं मोठं तळं आहे, तिथं तळ्यातल्या माशाची अशी सुशी आजही करतात. म्हणजे मूळ गोष्ट भातखाचरं आणि गोड्या पाण्यातली मासोळी यांची. वाचताना मला आपला नवेगावबांधचा तलावच दिसत होता. आपल्याकडेही रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांदा-मिरचीसोबत खाणारी पिढी अजून घरात आहे.

हाताने दाबून लगेच द्यायची सुशी 1820 च्या दशकात आजच्या टोकियोत, म्हणजे तेव्हाच्या एडोत, फिरस्त्यांना गाड्यांवर मिळू लागली. पुढे ती महागली. मग 1958 मध्ये ओसाकाच्या योशिआकी शिराइशी नावाच्या माणसानं बिअरच्या कारखान्यातला फिरता पट्टा पाहून तसाच पट्टा आपल्या हॉटेलात लावला. सुशीच्या ताटल्या त्यावर फिरत गिऱ्हाइकापुढे येतात, वाढपी कमी लागतात, दर खाली येतो. म्हणजे साध्या माणसाला परवडावं यासाठी कोणीतरी डोकं लावलं. भाताचा दर्जा सोडून स्वस्ताई केली असती तर लोक परत आले नसते.

आता आपल्याकडचं सांगतो. परवा हायवेवरच्या एका ढाब्यावर जेवायला बसलो. दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, धुऱ्यावर तणसाचे ढीग. मेनूत पनीरचे अकरा प्रकार, वर चायनीज. शेवटी पोऱ्यानं विचारलं, "राईस हाफ की फुल?" आला तो सकाळचा, थंड, ढेकूळ झालेला भात. कोणत्या वाणाचा ते ना त्याला माहीत, ना मालकाला. मला खरंच वाईट वाटलं.

अरे, एचएमटी तांदूळ ज्यानं निवडून काढला ते दादाजी खोब्रागडे आपल्याच पट्ट्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. दीड एकराचा शेतकरी. वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून, वर्षानुवर्षं पेरून त्यांनी हा वाण तयार केला, आणि घड्याळाच्या नावावरून त्याला नाव पडलं. 2018 मध्ये ते गेले. त्यांचा तांदूळ आज कितीतरी ताटांत आहे, पण एकाही हॉटेलाच्या पाटीवर त्यांचं नाव मी पाहिलेलं नाही. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोर चुलीवर असला की वास ओसरीपर्यंत येतो. पण पाहुणा आला तरच तो शिजतो, आणि हॉटेलात तर मिळतच नाही.

मासोळीचंही तेच. कोहळी समाजानं बांधलेले, मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले जाणारे शेकडो तलाव इथं आहेत. ढिवर बांधव पहाटे जाळं टाकतात. रोहू, मरळ, झिंगे निघतात. आणि तालुक्याच्या गावात बसून चार मित्रांनी ती मासोळी गरम चिन्नोरासोबत खावी, अशी परवडणारी जागा मला एकही सापडली नाही. आहे ते घरात आहे, नाहीतर दारू प्यायच्या ठिकाणी.

मित्र म्हणतात, "घरी भातच खातो ना बे, हॉटेलात कोन मांगीन?" मला हे पटत नाही. जपानी माणूसही घरी भातच खातो. बाहेर तो जातो ते दुसऱ्यानं जीव लावून केलेला भात खायला, मित्रांसोबत बसायला. आपल्या गावात पोरांना बसायला टपरी आणि बार सोडून काय आहे? बायका-पोरींना तर तेही नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. मोबाईलवर पाहून कोणी तलावातली मासोळी कच्ची खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या माशात परजीवी जंतू असतात. समुद्रातला मासासुद्धा कच्चा खायचा तर बहुतेकदा आधी कडक गोठवतात. आपली मासोळी नीट शिजवूनच खायची.

तर आम्ही चौघांनी ठरवलं आहे. या दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, एक पाल टाकायचं. चाकणचा तेव्हा सुट्टीवर येतोच. चिन्नोर माझ्या बांधीतला, झिंगे तलावावरून त्याच सकाळचे, माळकऱ्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी पोपटाच्या शेंगांची भाजी वेगळ्या चुलीवर. भात थोडा थोडा, दर अर्ध्या तासाला नवा चढवायचा. ताट 80 रुपयांत बसवायचा प्रयत्न चालू आहे, अजून हिशेब जुळत नाही, झिंगे महाग पडतात. पाटीवर तांदळाचं नाव मोठ्या अक्षरांत राहील. भात शिजवायला माझी आई येते म्हणाली, पण तिची अट आहे की पातेल्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.