सशाला कुत्र्याचं पिसवांचं औषध “अर्धं करून” टाकू नका, प्लीज

व्हॉट्सअ‍ॅपच्या पेट ग्रुप्सवर एक मेसेज परत परत फॉरवर्ड होतोय, बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात म्हटलंय की सशाला पिसवा किंवा खरूज झाली तर डॉक्टरकडे पैसे घालवू नका, कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध अर्धं करून टाका, कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घाला, कानातल्या खपल्या तेल लावून काढा, आणि तरी गेलं नाही तर गुरांचं आयव्हरमेक्टिन तोंडातून द्या, एका डोसात काम होतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य सशाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक घेऊन सांगतेय.

सगळ्यात आधी ते “अर्धं करून”. कुत्र्यामांजरांच्या पिसवांसाठी मेडिकलमध्ये जे स्पॉट-ऑन, म्हणजे मानेवर टाकायचं औषध, सहज मिळतं त्यात बऱ्याचदा फिप्रोनिल असतं, आणि फिप्रोनिल सशाला अजिबात चालत नाही, ना अर्धं ना पाव. हे माझं मत नाहीये, या औषधाच्या कंपनीच्याच माहितीपत्रकात सशांवर वापरू नका, मृत्यूही होऊ शकतो असं दिलेलं असतं, पण ते इतक्या बारीक अक्षरात की कोणी वाचतच नाही. ससा आधी खाणं सोडतो, सुस्त पडतो, मग झटके येतात. स्प्रेमध्येही हेच औषध येतं, तोही नको. आणि एक गोष्ट नीट बघा, इमिडाक्लोप्रिड हे औषध एकटं असेल तर सशाच्या पिसवांवर चालतं, ब्रिटनमध्ये तर सशांसाठी त्याला मान्यता आहे, पण कुत्र्यांच्या काही पाकिटांत त्याच्यासोबत परमेथ्रिन मिसळलेलं असतं, ते सशासाठी नाही. म्हणजे पुढचं नाव बघून उपयोग नाही, पाकीट उलटं करून आत काय काय आहे ते वाचायला लागतं. डॉक्टर बहुतेक वेळा सेलामेक्टिन देतात, तेही मानेवर टाकायचंच, पिसवा आणि माइट्स (कातडीवर जगणारे अगदी बारीक जीव, खरूज यांच्यामुळेच होते) दोन्हींवर चालतं, डोस सशाचं वजन करून ठरतो. दोन ससे एकत्र असतील तर औषध वाळेपर्यंत वेगळे ठेवा, ते एकमेकांना चाटत बसतात.

दुसरं म्हणजे “पिसवा किंवा खरूज” असं एका दमात म्हणून एकच उपाय सांगणं. अहो, आधी झालंय काय ते तरी बघा! ओला पांढरा टिश्यू घ्या, बारीक कंगव्याने शेपटीजवळचे केस विंचरा आणि जे काळे कण पडतील ते टिश्यूवर दाबा, लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, त्यात सशाचंच रक्त असतं. पाठीवर मानेजवळ जाड कोंडा असेल तर काळ्या कागदावर झटकून बल्बखाली दोन मिनिटं टक लावून बघा, कोंडा हलताना दिसला तर चेलेटिएला नावाचे माइट्स. कानात आत तपकिरी, पापुद्र्यांसारखे जाड थर म्हणजे कानातले माइट्स. नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर, पंजांवर पांढुरक्या खपल्या असतील तर खरजेचे माइट्स असू शकतात. आणि गोल केस गेलेला चट्टा असेल तर तो गजकर्णही असू शकतो, त्यावर माइट्सचं औषध टाकून काहीच होणार नाही. डॉक्टर त्वचा थोडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, काम फार मोठं नाही. (घरात पडलेली नायट्याची मिक्स क्रीम तर लावूच नका, त्यात स्टेरॉइड असतं आणि सशाला स्टेरॉइड फार लवकर बाधतं.)

कोंडा परत परत होत असेल तर अजून एक शंका घ्यायची. चांगला ससा दिवसभर स्वतःला चाटून साफ ठेवतो. ज्याचे दात वाढलेत, ज्याचं वजन जास्त झालंय, ज्याचे सांधे दुखतात त्याचं तोंड पाठीपर्यंत पोचत नाही आणि तिथेच माइट्स वाढतात. अशा वेळी नुसते माइट्स मारून भागत नाही, दात बघायलाच लागतात.

आता आयव्हरमेक्टिन. हे औषध सशाला चालतं, हे खरंय, डॉक्टर देतात सुद्धा, आणि म्हणूनच मेसेजमधला हा भाग लोकांना पटतो. पण गुरांच्या बाटलीत 1 टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं. सशाचा नेहमीचा डोस किलोमागे 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम. 2 किलोच्या सशाला जास्तीत जास्त 0.8 मिलिग्रॅम, म्हणजे 0.08 मिलिलिटर, एक थेंब-दीड थेंब! घरी अंदाजाने अर्धा मिलिलिटर ओढला तर 5 मिलिग्रॅम गेलं, सहापट. आणि “एका डोसात काम” हे तर साफ चूक, ते अंड्यांवर चालत नाही, अंडी फुटून नवे माइट्स येतात, म्हणून 10 ते 14 दिवसांनी परत द्यायला लागतं, बऱ्याचदा तिसऱ्यांदाही. पहिल्या डोसनंतर खाज कमी झाली की लोक थांबतात आणि महिन्याने परत तेच सुरू होतं.

अंघोळ नको, कडुनिंबाची नको, शाम्पूची नको, डेटॉलची तर नकोच. ससा पाण्यात घाबरून इतक्या जोरात लाथा मारतो की पाठीचा कणा मोडू शकतो, आणि आतले दाट केस तासन्‌तास ओले राहून अंग गार पडतं. पिसवा काढायच्यात तर बारीक कंगवा आणि साबणाच्या पाण्याची वाटी, विंचरून त्यात बुडवायच्या, बस.

कानातल्या खपल्या ओढायच्या नाहीत. खाली कातडी सोललेली असते, ओढली की रक्त येतं आणि भयंकर दुखतं. औषध लागू पडलं की साधारण आठवडा-दोन आठवड्यांत त्या आपोआप सुटून पडतात.

मेसेजखालच्या कमेंटमध्ये लोकांनी अजून भर घातलीये, तंबाखूचं पाणी, रॉकेलचा बोळा, पिंजऱ्यात डांबर गोळी, टी ट्री ऑइल, लसूण खायला द्या वगैरे. सगळी विषं आहेत. सशाला उलटी करता येत नाही, अंगावर लावलेलं सगळं तो चाटतो आणि पोटात गेलेलं परत बाहेर येत नाही.

आणि ज्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही ते म्हणजे घर. पिसवांची अंडी सशाच्या अंगावरून गळून सतरंजीत, सोफ्याखाली, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडतात. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांनाही त्यांचं औषध लागतं (त्यांच्यावर फिप्रोनिल टाकलं तर वाळेपर्यंत सशाजवळ सोडू नका). कापडं गरम पाण्यात धुवा, रोज व्हॅक्यूम करा, जुनं गवत फेकून द्या. तुमच्या हातावर पुरळ येऊन खाजत असेल तर स्वतःच्या डॉक्टरांनाही दाखवा, यातले काही माइट्स माणसालाही चावतात.

पैशांचं म्हणाल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, नागपूरचं व्हेटर्नरी कॉलेज, इथे जनावरं तपासतात आणि खासगी क्लिनिकपेक्षा खर्च कमी येतो. जाण्याआधी सशाची केस बघतात का ते फोन करून विचारा.

कोणी आधीच फिप्रोनिल टाकलं असेल तर आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा. ते सांगतील तसं तेवढाच भाग सौम्य साबणाच्या ओल्या कपड्याने पुसून कोरडा करा, ससा उबदार ठेवा, जोडीदार वेगळा करा. लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही, पुढचे काही दिवस खाणं आणि लेंड्या मोजून बघा, 10-12 तास काही खाल्लं नाही तर रात्र असली तरी थांबू नका, आणि जाताना औषधाचं रिकामं पाकीट सोबत न्या.