ताम्हिणीचं 'अस्पर्श' जंगल

ताम्हिणीचे फोटो टाकून खाली 'अस्पर्श जंगल' लिहिणाऱ्यांशी मला भांडायचं नाही. फक्त पुढच्या वेळी एखाद्या झाडाच्या बुडाशी वाकून बघा. अंजनी, जांभूळ, हिरडा, कुठलंही चालेल. एकाच बुडातून चार-पाच खोडं वर गेलेली दिसतील, जाडी साधारण सारखीच, आणि मधे कुजून खोलगट झालेला जुना बुडखा. मूळ खोडावर कधीतरी कुऱ्हाड पडली, बुडखा आणि मुळं जमिनीत राहिली, बुडख्याला फुटवे आले. आपण सावलीला बसतो ते हे फुटवे.

उतारावर मधेच एखादी गोल सपाटी लागते. तिथली माती उकरली की बोटं काळी होतात. ही कोळशाची भट्टी. लाकडं रचायची, वर पाला नि माती थापायची, हवा कोंडून दिवसचे दिवस धुमसत ठेवायची. राबणाऱ्यांत कातकरी पुष्कळ, पैसा ठेकेदाराचा, आणि लोणारी कोळसा शहराकडे. म्हणजे आपल्याच आज्यांच्या शेगडीत. (इस्त्रीवाल्याच्याही.) तेव्हा 'गावकऱ्यांनी जंगल संपवलं' हे पुण्यात बसून तरी म्हणू नये.

भीमाशंकर अभयारण्य झालं १९८५ला, ताम्हिणी २०१३ला. कुऱ्हाड त्याच्या कितीतरी आधीची. जुनं रान बघायचं तर देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, गाठा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या भागातल्या देवरायांवर काम केलं, ते उगीच नाही. तिथे गारंबीचे मांडीएवढे वेल आहेत, ढोली असलेली म्हातारी झाडं आहेत. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी अशीच ढोली लागते. फुटव्यांच्या रानात ती सहसा मिळत नाही.

आता जमिनीचे एजंट यातूनच युक्तिवाद काढतात. "साहेब, एकदा साफ झालेलंच रान आहे हे. परत आलं की नाही?"

आलं ना. कुऱ्हाडीने मुळं सोडली होती म्हणून आलं. जेसीबी बुडखा मुळासकट उपटतो, डोंगर कापून टप्पे करतो. वरची माती मुळशीच्या पावसात ओढ्याला जाते, खाली उरतो मुरूम. त्यातून काय फुटणार? मग पाच जूनला, पर्यावरण दिनी, त्याच प्लॉटवर गुलमोहराचं रोप आणि सेल्फी.

मुळशी-वेल्ह्यात प्लॉट घेणाऱ्या मित्रांनो, घ्या, पैसे तुमचे आहेत. फक्त सपाटीकरण ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका. आधी स्वतः फिरून एकेका बुडख्याभोवती चुन्याच्या फक्कीने खूण करा आणि घर त्यांच्यामधून बसवायला सांगा. आर्किटेक्ट कुरकुरेल. कुरकुरू दे.