गालिच्याचं वय

ताईच्या सोसायटीत, नाशिकच्या गंगापूर रोडला, सध्या एका गालिच्यावरून रण माजलंय. दिवाळीआधीच्या रंगकामात एकीच्या हॉलमधल्या गालिच्यावर दाराचा ऑइल पेंट सांडला. पेंटरने ग्रिलवरचे डाग काढतो तसं थिनर ओतून खसाखसा घासलं. डाग पसरला, वर गालिच्याचा मागचा रबरी थर सुटला. बाई म्हणतात, नव्या गालिच्याचे पैसे मजुरीतून कापणार. ताईने विचारलं, "तुमच्या लीड्सला काय करतात रे?"

इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, आधी स्वतःच सांडतात. पेंटरची मजुरी ऐकून मी मालकाच्या परवानगीने स्वतःच ब्रश घेतला आणि भाड्याच्या घराच्या जिन्यावर, ठोकून बसवलेल्या फिकट कार्पेटवर, इमल्शनचा, म्हणजे भिंतीच्या पाणी मिसळायच्या रंगाचा, अर्धा डबा पालथा केला. नाशिकच्या घरी शहाबादी फरशी. ओलं फडकं फिरवलं की संपलं, वाळलंच तर पत्तीने खरवडायचं. शिवाय मी रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा मारणारा, धपकन उडी घेणारा. रंगाची भीती त्या जिन्यावर पहिल्यांदा वाटली.

पहिली पाच मिनिटं हातात फडकं नाही, चमचा हवा. जाड रंग कडेकडून आत ओढत उचलायचा. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून पांढऱ्या सुती कापडाने नुसतं टिपायचं. घासलं की रंग धाग्यांच्या मुळाशी जातो. इमल्शन ओलं असेपर्यंत पाण्याने निघतं, वाळलं की त्याचं प्लास्टिक होतं. ऑइल पेंटला मात्र टर्पेंटाइनच लागतं, पण तेही कापडावर घेऊन, आधी कोपऱ्यात तपासून, खिडक्या उघड्या ठेवून. ओतलं तर खालचा गोंद विरघळतो. पेंटरचं चुकलं ते इथे.

मी तीन तास टिपत होतो. एका पायरीवर सावली राहिलीच, आणि घर सोडताना मालकाने अख्ख्या जिन्याचं कार्पेट मागितलं.

इंग्लंडमध्ये २००७ पासून भाडेकरूचं डिपॉझिट मालकाला मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. वाद झाला तर निवाडा त्रयस्थाकडे जातो. तिथे जुन्याच्या बदल्यात कोरं करकरीत मिळत नाही. दहा वर्षं टिकणारं कार्पेट आठ वर्षं तुडवलं असेल, तर हिशेब उरलेल्या दोन वर्षांचा. हे मालकाला लिहून कळवल्यावर त्याचा आवाज खाली आला.

बाईंचा गालिचा ताईच्या आठवणीत मुलाच्या मुंजीतला. मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. शिवाय तो गालिचा सुटा. दोघांनी गुंडाळून बेडरूममध्ये टाकायला पाच मिनिटं लागली नसती. माझं कार्पेट उचलणं शक्यच नव्हतं. पेंटरने झाकायला हवं होतं, थिनर ओतण्याआधी विचारायला हवं होतं, हे मान्यच. त्याचे थोडे पैसे कापले तर माझी तक्रार नाही. पण मला भांडायला कायदा होता, करारनामा होता. त्याचं सगळं तोंडी ठरलेलं, आणि पैसे बाईंच्या हातात.

"तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?" ताई म्हणाली. खरंय, जिन्यात बाई रोज भेटतात त्या तिला.

काल तिचा मेसेज आला: बाई अर्ध्यावर तयार आहेत. मी विचारलं, अर्धे कशाचे, जुन्याचे की नव्याचे? अजून उत्तर नाही.