तसंच असतं

सगळा घोळ 'आळणी' या शब्दाने केला.

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाचा गणपती होता. जेवणाच्या रांगेत पुढच्या माणसाला मी सहज म्हणालो, "आमटी जरा आळणी झालीय." पातेल्यापलीकडे उभ्या असलेल्या ताईंचा डाव हवेतच थांबला. आमटी यांनीच केलेली दिसते, असं वाटून मी सारवासारव करायला लागलो. पण ताईंच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. "एका शब्दात ळ आणि ण! आणि दोन्ही स्वच्छ!" त्या म्हणाल्या. "तुम्ही रविवारी सकाळी काय करता हो?"

"काही विशेष नाही," मी म्हणालो. परदेशात मंडळाच्या माणसाला हे उत्तर कधीही देऊ नये.

ताई मराठी शाळा चालवत होत्या. लहान मुलांच्या वर्गाच्या शिक्षिका भारतात गेल्या होत्या आणि त्या परत येईपर्यंत फक्त दोन रविवार कुणीतरी हवं होतं. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. शिक्षिका ठरल्या दिवशी परत आल्या, मोठ्या मुलांच्या वर्गावर गेल्या आणि मला पाहिलं की हसतात.

पगार अर्थातच नाही. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची मिळून १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था झाली, आणि आता गावोगावी अशा शाळा भरतात, तुम्ही काही एकटे नाही, असा ताईंनी मला धीर दिला. सोमवार ते शुक्रवार कंपनीत कोड लिहायचा आणि रविवारी फळ्यावर बाराखडी, अशी माझ्यासारखी बरीच माणसं आहेत म्हणे. सर्कशीत नवीन आलेल्या सिंहालाही बहुधा असंच समजावत असतील.

मुलांमध्ये काम करायचं म्हणून आधी माझी रीतसर पार्श्वभूमी तपासणी झाली. जुने पत्ते दिले, बोटांचे ठसे दिले. माझ्या नावावर कुठे गुन्हा नाही, याची सगळ्यांनी खात्री करून घेतली. मला मराठी शिकवता येतं का, हे मात्र कुणीच तपासलं नाही. "ते तपासलं असतं तर तुला घेतलंच नसतं," असं बायको म्हणाली. तिला वाटलं ती गंमत करतेय.

शाळा चर्चच्या तळघरात भरते. जागा भाड्याची, त्यामुळे खुर्च्या आल्या तशा मांडून जायच्या, आणि दाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असल्याने दाण्याचा लाडू नाही, चिक्की नाही. भिंतीवर चर्चच्या मुलांसाठी नोहाची नाव रंगवलेली आहे. महापुरातून वाचवलेले प्राणी जोडीजोडीने नावेत चढताहेत. पहिल्या दिवशी ते चित्र बघून मला वाटलं, देवच पावला! तो आणि ती शिकवायला यापेक्षा चांगला तक्ता कुठे मिळणार?

"तो हत्ती, ती हत्तीण," मी पट्टी घेऊन सुरुवात केली. "तो सिंह, ती सिंहीण." मुलं छान मागून म्हणत होती. मग पट्टी माकडांवर गेली.

"ते माकड," मी म्हणालो.

"पण दोन आहेत," दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली. ही पुढे मला फार महागात पडली. "त्यातला तो कुठला?"

"दोन असली की ती माकडं म्हणायचं."

"ती? दोघी मुली आहेत?"

"नाही गं. एकटं असेल तर ते, पुष्कळ असली तर ती."

"मग पुष्कळ हत्ती?"

"ते हत्ती."

तिने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे एक हत्ती तो असतो, आणि दुसरा आला की त्यांचं एक माकड होतं?"

चाळीस वर्षं मी ही भाषा बोलतोय. हत्तींवर हा प्रसंग येतो, हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मराठीत तसंच असतं." त्या दिवशी हे वाक्य फार कामाचं वाटलं. आपण कुठलं पिल्लू पाळायला घेतलंय, याची कल्पना नव्हती.

पुढच्या रविवारी मी तयारीने गेलो. तीन डबे घेऊन गेलो. मोठा तो डबा, छोटी ती डबी आणि चेपलेलं, झाकण हरवलेलं ते डबडं. गाडा, गाडी, गाडं घ्या. मराठीत मोठ्याला तो, नाजूकला ती आणि मोडक्यातोडक्याला ते मिळतं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. हे मी आदल्या रात्री अकरा वाजता स्वतःच शोधून काढलं होतं आणि त्या आनंदात बायकोला झोपेतून उठवलं होतं. वर्गालाही पटलं. मी घाम पुसतोय तोच वेण्या हलल्या.

"काका, मी काय आहे? ती मुलगी ना?"

"हो."

"आणि मूल?"

"ते मूल," माझ्या तोंडून गेलं.

वर्ग शांत झाला. डबड्याकडे पाहत ती हळूच म्हणाली, "मग मी मोडकी आहे?"

वर्गात दोन मोठी माणसं हवीतच असा नियम आहे, म्हणून एक आई मागे बसलेली असते. मी आशेने तिच्याकडे पाहिलं. तिने पर्समधला फोन काढला. तशीही तिची मदत जपूनच घ्यावी लागते. मी 'ते पेन' म्हणतो, ती 'तो पेन' म्हणते, आणि एकदा या विषयावर आम्ही दोघांनी मुलांसमोर सात मिनिटं घालवली आहेत. शेवटी सगळ्यांना पेन्सिली वाटल्या. पेन्सिलीच्या बाबतीत मराठी माणसात एकमत आहे.

लिंग एकवेळ परवडलं, पण भूतकाळ नको. निळ्या टोपीतला एक मुलगा रोज उभा राहून सांगायचा, "मी पिझ्झा खाल्लो." त्याला मी सांगितलं, पिझ्झा खाल्ला, इडली खाल्ली, केळं खाल्लं. तो विचारात पडला. "म्हणजे कोण खातो त्याला नाही विचारायचं? ज्याला खाल्लं त्याला विचारायचं?" व्याकरणाच्या जाड पुस्तकात कर्मणी प्रयोगाची व्याख्या आहे, पण इतकी चांगली नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात तो म्हणाला, "पण काका, तुम्ही मघाशी म्हणालात, मी चहा प्यायलो."

म्हणालो होतो खरा. खाण्याला जो कायदा आहे, तो पिण्याला नाही. का नाही, कुणास ठाऊक.

"तसंच असतं," मी म्हणालो.

उच्चारांचंही तेच. जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जिवंत राहा. लिहायला एकच, ज मात्र वेगवेगळे. चार आंब्यांतला च निराळा, गाईला गवत चार म्हणतानाचा निराळा. अक्षरावर टिंब नाही, रेघ नाही. मग कळतं कसं? आपल्याला कळतं. आपल्याला म्हणजे कुणाला, हे विचारायला तेवढ्यात कुणीतरी हात वर केलेलाच असतो.

मार्चमधला एक रविवार मात्र मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशी घड्याळ शिकवायचं होतं. मी पुठ्ठ्याचं घड्याळ, दोन काटे, मधे टाचणी, असा सगळा सरंजाम घेऊन साडेनऊला पोचलो, तर वर्गात चार मुलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिका आपली घड्याळं एक तास पुढे ढकलते, हे अर्ध्या पालकांच्या ध्यानातच नव्हतं. चर्चच्या भिंतीवरच्या घड्याळालाही कुणी सांगितलं नव्हतं, त्यात साडेआठच वाजले होते. चार मुलांना मी सव्वा, साडे, पावणे शिकवलं. तासाभराने उरलेली अकरा मुलं आली, त्यांना परत सव्वा, साडे, पावणे.

"साडेतीन, साडेदोन, साडेएक," निळी टोपी काटे उलटे फिरवत म्हणाली.

"साडेदोन नाही रे, अडीच. आणि साडेएक नाही, दीड."

"आणि साडेतीनला?"

"साडेतीनच."

खरी वेळ आणि भिंतीवरची वेळ यांत एक तासाचा फरक, पुठ्ठ्यावरची वेळ तिसरीच, आणि त्यात हे दीड-अडीच. आधी आलेली चार मुलं दुसऱ्यांदा तोच धडा ऐकून इतकी तरबेज झाली होती की माझ्याआधी तीच नव्या मुलांना म्हणाली, "तसंच असतं!" मला अभिमान वाटला. तो पंधरा मिनिटं टिकला, कारण नंतर मी गृहपाठ मागितला. कुणीच केला नव्हता. का नाही केला? निळी टोपी अतिशय शांतपणे म्हणाली, "काका, रविवारी तसंच असतं."

पुढे हे घरोघरी पसरलं. खोली का आवरली नाहीस? तसंच असतं. दूध का सांडलं? तसंच असतं. एका बाबांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. मुलगा आता घरात एक तरी वाक्य मराठीत बोलतो म्हणून माझे आभार मानले आणि मग म्हणाले, "दुसरं एखादं शिकवता येईल का?"

आकडे आले तेव्हा मात्र मी सपशेल शरण गेलो. मराठीत एकवीसपासून आधी एकक म्हणायचा, मग दशक. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मुलं ५२ लिहितात. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९ लिहितात, आणि त्यांचं काही चुकतंय असं मलाही वाटेनासं झालं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन दिलं, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला होता. इथे बसून मी त्यावरचे विनोद चार ग्रुपांवर पुढे ढकलले होते. ते सगळे आज बिनशर्त परत घेतो. ज्यांना यायचंय त्यांनी या तळघरात यावं आणि सात वर्षांच्या मुलाला त्रेसष्ट आणि छत्तीस यांतला फरक एका दमात सांगून दाखवावा.

वर्षाच्या शेवटी छोटी लेखी परीक्षा घेतली. दोन वेण्यांचा पेपर मी मुद्दाम शेवटी तपासायला ठेवला होता. सगळं बरोबर. ६९ एकोणसत्तर, ७९ एकोणऐंशी, ८९ एकोणनव्वद. आणि त्याखाली सुंदर अक्षरात, ९९ एकोणशंभर.

मी लाल पेन उचललं (ते!) आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं. एकोणवीसपासून इमानेइतबारे चालत आलेला नियम ऐन शंभराच्या दारात येऊन कच खातो आणि मधेच नव्याण्णव म्हणतो. चूक कुणाची? शेवटी अर्धा गुण दिला. पुढच्या रविवारी तिने पेपर माझ्यासमोर धरला. "एकोणनव्वद चालतं, मग एकोणशंभर का नाही?"

मी तोंड उघडलं. उरलेल्या चौदा जणांनी एका सुरात सांगून टाकलं. नोहाच्या नावेतली माकडंसुद्धा हसल्यासारखी वाटली. मी अर्ध्याचा पूर्ण गुण केला.

वर्षभरात एकाच प्रश्नाचं चोख उत्तर मला देता आलं, ते इथे नोंदवून ठेवतो. परवा म्हणजे होऊन गेलेला दिवस की येणारा? "क्रियापद बघायचं," मी फळ्यावर लिहिलं. परवा गेलो, म्हणजे मागचा. परवा जाईन, म्हणजे पुढचा. क्रियापदाशिवाय परवाला काही अर्थ नाही. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. वेण्यांनी प्रश्न विचारला नाही. मागच्या बाकावरच्या आईनेही मान डोलावली.

जूनमध्ये शाळा सुटली. काल रात्री ताईंचा मेसेज आला. पुढच्या वर्षी वर्ग वाढतोय, बावीस मुलं होतील, तुम्ही आहातच ना, कधी कळवताय? खाली हात जोडलेले आणि एक गणपती. मी बराच वेळ फोनकडे बघत बसलो. मग 'परवा' एवढंच लिहून पाठवलं. क्रियापद घातलं नाही.