एकास एकशेचव्वेचाळीस

आमच्या कृषी केंद्रात फवारणीचे पंप, तुरीचं बियाणं, बोंडअळीचे सापळे आणि उधारीची वही या चार गोष्टी बारमाही असतात. पाचवी गोष्ट वरच्या फळीवर, सोयाबीनच्या पिशव्यांमागे लपवलेली आहे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या नजरेला ती पडलीच. मान उंच करून म्हणाला, "भाऊ, हे कोन्त्या कंपनीचं वाण व्हय? डब्ब्यावर गडी लय दणकट काढला."

वाण नव्हतं ते. जपानी रोबो होता, प्लास्टिकचा, सुट्या भागांत येणारा, घरी बसून जुळवायचा. त्याला गनप्ला म्हणतात. १९७९ साली जपानात गनडम नावाची कार्टून मालिका आली. ५२ भागांची ठरली होती, पण बघणारे मिळेनात म्हणून ४३ भागांतच गुंडाळली. पुढच्या वर्षी, १९८० च्या जुलैमध्ये बांदाई कंपनीनं त्यातल्या रोबोचं मॉडेल ३०० येनला विकायला काढलं, आणि ते जे खपायला लागलं ते आजही खपतंच आहे. म्हणजे सोयाबीन बुडालं आणि कुटारावर, म्हणजे त्याच्या भुशावर, पैसे झाले, असा प्रकार.

मालिकेतला रोबो १८ मीटर उंच. माझा एकास एकशेचव्वेचाळीस मापाचा, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. हे माप मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मंग ह्या मापात आपला बैल केवढा होईन?"

हिशेब केला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

"मंग राहू दे," बाबा म्हणाले.

किंमत १८०० रुपये. घरी ४०० सांगितली. कुरिअरवाले आमच्या गावापर्यंत येत नाहीत. पार्सल तालुक्याला पडतं आणि तिथला पोरगा फोन करतो, "भाऊ, तुमीच येऊन घेऊन जा न, तिकडं कोन येते." २२ किलोमीटर जायचं, २२ यायचं. त्या दिवशी आमचं पोट्टं मागं बसून सोबत आलं होतं. दुसरीत आहे, दिसेल तो आकडा मोठ्यानं वाचतो. पार्सलवरचं बिल त्यानं कुरिअरच्या दुकानातच खड्या आवाजात वाचलं. परत येताना त्याला दोन आइसकांड्या घेऊन द्याव्या लागल्या आणि शपथ घ्यायला लावावी लागली.

जुळवणी सोपी असते, यात खोटं नाही. डिंक लागत नाही, भाग एकमेकांत खटाखट बसतात. हे भाग प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले येतात, तिला रनर म्हणतात. निपर नावाच्या पकडीनं एकेक तोडायचा आणि तोडल्या जागी जी गाठ राहते ती पॉलिशपेपरनं घासायची. आधी चारशे नंबरचा, मग सहाशेचा, मग आठशेचा, मग हजारचा. मी ओसरीत हे घासत बसलो की आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नखं घासून राह्यला."

दिवाळी होऊन गेली होती. भाव वाढेल या आशेवर पुढच्या खोलीत १२ क्विंटल कापूस भरून ठेवलेला. त्याच खोलीत दिवा चांगला, म्हणून मी कापसाला टेकून बसलो होतो. निपर दाबला आणि रोबोचा डावा हात टुणकन उडाला. हात पांढरा, कापूस पांढरा.

दोन दिवस मी तो कापूस उपसला. सकाळी वेचणीच्या मजुरीचा हिशेब करायला एक बाई आली. मी खांद्यापर्यंत ढिगात शिरलेला.

"काय पाहता जी, भाऊ?"

"हात."

बाई दोन पावलं मागं सरकली. हिशेब न करताच गेली आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सोबत घेऊन आली.

भाव काही वाढला नाही. जानेवारीत बाबांनी कापूस गाडीत भरून जिनिंगला घातला, हातासकट. तो हात आता कुठल्या तरी गठाणीत दाबला गेला असेल. कुणाच्या बनियनमध्ये काही टोचलं तर दुकानावर आणून द्यावं, उधारीत सूट मिळेल.

एक हात नसलेला रोबो हाती राहिला, म्हणून म्हटलं निदान रंगकाम तरी नीट करू. वास्तविक बांदाईचे भाग मुळातच रंगीत येतात, न रंगवताही चालतं. पण या छंदात पडलेल्या माणसाला 'चालतं' हा शब्द सहन होत नाही. कोरं प्लास्टिक चमकतं, जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसतं. त्यावर मॅट वारनिसचा शेवटचा हात बसला की चमक मरते आणि तोच रोबो लोखंडी वाटायला लागतो. त्या एका मॅट हातासाठी दुनियेतली माणसं रात्री जागतात. आमच्या गावात कुठलीही वस्तू आठ दिवस ओसरीत ठेवली की आपोआप मॅट होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. यातले पोचलेले लोक तर त्याहून पुढं जातात. नव्या कोऱ्या रोबोवर ब्रशनं चिखल, गंज, खरचटे काढतात आणि त्याला वेदरिंग म्हणतात. आमच्या ट्रॅक्टरवर हे काम फुकट झालेलं आहे, शिवाय दर पावसाळ्यात नवा थर मिळतो.

रंग पातळ करायला तालुक्याच्या हार्डवेअरमधून थिनर आणलं. दुकानदारानं विचारलं, "लाकडाले का लोखंडाले?" मी म्हटलं, "रोबोले." त्यानं सगळ्यात जालीम बाटली दिली. हे मॉडेल पॉलिस्टायरीनचं असतं आणि असलं थिनर पॉलिस्टायरीनला विरघळवून टाकतं, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पाच मिनिटांत उजवा पाय वरणात भिजलेल्या रोडग्यासारखा झाला. गुडघा होता तिथं अजून बोटाचा ठसा आहे, माझाच.

मग एअरब्रश घेतला, म्हणजे रंग फवारायचा इवलासा पंप. त्याची किंमत इथं लिहीत नाही, कारण हा लेख घरातही वाचला जातो. एका गिऱ्हाइकानं तो हातात घेऊन उलटापालटा केला.

"टाकी किती लिटरची?"

"सात मिलिलिटर."

"म्हंजे एका झाडालेबी पुरत नाही." तरी सल्ला त्यानं फुकट दिला: वाऱ्याच्या तोंडावर फवारू नको, सकाळचं फवार, नोझल रोज धू, तोंडाले बांध. हाच सल्ला मी नंतर मोबाइलवर पाऊण तासाच्या व्हिडिओत ऐकला. तोंडाला बांधण्याबाबत मात्र आमच्या घरी चेष्टा चालत नाही. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, आणि तेव्हापासून बाबा दुकानात आधी मास्क दाखवतात, मग औषध. त्यांनी मला साडेबारा सेंटिमीटरच्या रोबोसाठी मास्क, चष्मा, हातमोजे असं सगळं चढवायला लावलं. मी गच्चीवर निघालो की शेजारची पोरं "कपाशीवर काय पडलं जी?" विचारायची.

तर गच्ची, आणि महिना मे. पारा ४५ वर. वाटलं, सुकवायला याहून चांगलं काय? उन्हात थेंब इतके लवकर सुकतात की रोबोपर्यंत पोचेस्तोवर त्यांची भुकटी झालेली असते. ती अंगाला चिकटते आणि रोबो हाताला भाकरीच्या करपल्या बाजूसारखा लागतो. बरं, जी भुकटी रोबोला चिकटली नाही ती गेली कुठं? संध्याकाळी आई वाळवण काढायला वर आली.

"ह्या कुरड्या राखडी कायनं झाल्या रे?"

मी म्हटलं, "आभाळ आलं होतं."

"आभाळाचा रंग पडते का खाली?" तिनं एक कुरडई वास घेऊन पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, बसलेल्या दोन चादरी कुरड्या गुरांपुढेही टाकता येईनात. त्या वर्षी पाहुण्यांना पापडावर भागवावं लागलं, आणि प्रत्येक पाहुण्याला त्याचं कारण सांगितलं गेलं.

पावसाळ्यात भुकटी होणार नाही एवढं तर माझ्या लक्षात आलं होतं. पोळ्याला दोन दिवस राहिले. बाहेर झड लागलेली. मी गोठ्याच्या पडवीत उभा राहून मॅट वारनिसचा डबा हलवला आणि जिवावर उदार होऊन फवारला. दहा मिनिटं रोबो असा देखणा दिसला की मी बायकोला हाक मारली. ती हात पुसत येईस्तोवर तो पांढरा पडायला लागला होता. आधी खांदे, मग छाती, मग चेहरा, अंगभर कोड पसरावं तसा. याचं कारण असं की वारनिसमधलं द्रावण भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्या ओल्या थरात जाऊन बसते. हे मी रात्री वाचलं. बायकोनं ते दिवसाच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत: "अवो, पापडबी झडीत वाळू घालत नाही कोनी."

तेवढ्यात सुतारबाबा आले. गावातले सगळे लाकडी नंदी त्यांच्या हातचे, आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून वारनिस मारायचं कामही त्यांचंच. पोट्ट्याच्या तान्ह्या पोळ्याचा बैल घेऊन आले होते. रोबो हातात घेतला, नखानं खरवडला, डोळ्याजवळ नेला.

"झडीत मारला?"

"हो."

"झडीत वारनिसचं दूध होते. पुसू नको. ऊन पडलं की आखीन एक पातळ हात मार, उतरते." मग त्यांनी रोबो उलटा करून खांद्यातलं भोक पाहिलं. "हात कुठी हाय ह्याचा?"

"जिनिंगमध्ये."

त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, मी पातळ हात मारला आणि खरंच दूध उतरलं. संध्याकाळी सुतारबाबांनी सागाच्या ढलपीतून कोरलेला हात आणून दिला, भोकात बरोबर बसणारा, मूठ वळलेला, मुठीत कासऱ्याला जागा ठेवलेला. मी म्हटलं, रंगवतो. म्हणाले, "सागाले रंग मारतेत का? आपला हाय तसा राहू दे." या छंदातले जाणकार लोक याला काय म्हणतील ते म्हणोत, माझ्या मते अख्ख्या रोबोत तेवढा एकच भाग नीट झाला आहे.

तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांनी लाकडी बैल सजवून फिरवायचा. घरोघर जायचं, प्रत्येकानं बोजारा द्यायचा, म्हणजे पोरांच्या हातावर काही पैसे. आमच्या पोट्ट्यानं बैलाला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू सगळं केलं आणि बैलाच्या मागं चाकांच्या पाटीवर रोबो उभा केला. सागाच्या मुठीत लाल दोऱ्याचा कासरा.

मारुतीच्या पारावर म्हातारी मंडळी बसली होती. एकानं चष्मा पुसला.

"बैल मस्त हाय. मागं हा कोन व्हय रे?"

"आमचा सालदार," बाबा म्हणाले. पोळ्याच्या पुरणानं ते खुशीत होते.

"कोन्त्या गावचा?"

"जपानचा," पोट्टं म्हणालं.

"साल केवढ्यात ठरलं मंग?"

मी पोट्ट्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. आकडा विचारल्यावर तो थांबत नाही. "अठराशे!"

पार हसून लोटपोट झाला. "बापा, अठराशेत अख्खं साल? आजकाल गडी लाखाच्या खाली बोलत नाही. आन जेवणबी नाही त्याले!"

"अठराशेत भेटत असन तं आखीन दोन-चार आण न बे," बाबा मला म्हणाले.

"हायेत न, आबाजी," पोट्टं म्हणालं. "दुकानात वरच्या फळीवर तिघं हायेत."

बायको पाराच्या कडेला उभी होती, पोट्ट्याला बोजारा द्यायला शंभराची नोट हातात घेऊन. तिनं ती नोट नीट चौघडी केली आणि पर्समध्ये परत ठेवली.